पुढचा बाँड कोण? आधी सातबारा तर बघा

नागपूरच्या धरमपेठेत ज्या पानठेल्यावर आम्ही संध्याकाळी उभे राहतो तिथे सध्या पुढच्या जेम्स बाँडवरून वाद होऊन राहिला आहे. ठेलेवाला खर्रा घोटते अन् इकडे फुकटात कास्टिंग. एक म्हणते पोट्टा तरुणच पायजे, नाहीतर दोन पिक्चरमध्ये म्हातारा होते. दुसऱ्याला गॅजेटवाला, हसतखेळत मारणारा जुना बाँड परत हवा, रडका नको. आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांचं एकच, "रॉजर मूरनंतर बाँड झालाच नाही बाप्पा."

मला हे ऐकायला मजा येते, पण मागचा इतिहास काढून पाहिला तर एक गोष्ट दिसते, की हिरो मिळत नाही म्हणून बाँड काही वर्षानुवर्षं बसून राहिलेला नाही. जॉर्ज लेझनबी १९६९ ला एकच पिक्चर करून निघून गेला, तर १९७१ ला शॉन कॉनरीला परत बोलावलं आणि १९७३ ला मूर आला, गाडी चालूच. बाँड खरा अडकला तो दर वेळी कागदात. आपल्याकडे वावराचं जसं असते ना, पीक कोणतं घ्यायचं यावर घरात भांडण आणि सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचंच, तसं.

इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी 'कॅसिनो रॉयल' १९५३ ची. तिचे पिक्चरचे हक्क त्याने लवकरच वेगळे विकून टाकले. त्यामुळे १९६१ ला अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोघांनी बाँडचे पिक्चर काढायला ईऑन नावाची कंपनी काढली तेव्हा पहिलंच पुस्तक त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून १९६२ चा पहिला पिक्चर 'डॉक्टर नो', जी खरं तर सहावी कादंबरी. 'कॅसिनो रॉयल'चा १९६७ मध्ये दुसऱ्याच लोकांनी कॉमेडी पिक्चर केला आणि ईऑनच्या बाजूला ते पुस्तक आलं थेट १९९९ मध्ये, सोनी आणि ईऑनच्या बाजूची एमजीएम या हॉलिवूडच्या दोन स्टुडिओंची कोर्टातली भांडणं मिटली तेव्हा. त्या मिटवणीत एमजीएमने स्पायडरमॅनवरचा आपला दावा सोडला आणि सोनीने बाँडवरचा. हे वावर तुझं, ते माझं, बांध इथून. डॅनियल क्रेगचा २००६ चा पिक्चर त्या वाटणीतून निघाला हे किती लोकांना माहीत आहे.

पण खरा हिस्सेदार दुसराच होता. केव्हिन मॅक्लोरी. फ्लेमिंगने या माणसासोबत बसून एका पिक्चरची पटकथा केली, तो पिक्चर काही झाला नाही, मग फ्लेमिंगने तीच गोष्ट १९६१ ला 'थंडरबॉल' नावाने कादंबरी म्हणून छापली आणि मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३ मध्ये तडजोड झाली, पिक्चरचे हक्क मॅक्लोरीकडे. १९६५ चा 'थंडरबॉल' त्याने ईऑनसोबत मिळून केला, पण पुढे स्पेक्टर ही व्हिलनची संघटना आणि तिचा तो मांजरवाला म्होरक्या ब्लोफेल्ड कोणाचा यावर जे सुरू झालं ते संपेचना. सत्तरीच्या मधात ब्लोफेल्ड पिक्चरमधून गायब झाला तो यामुळेच, लोकांना वाटते लेखक कंटाळले असतील.

आणि या भांडणातूनच १९८३ सालची ती गंमत झाली. एकाच वर्षात दोन बाँड. जूनमध्ये मूरचा 'ऑक्टोपसी' आणि ऑक्टोबरमध्ये मॅक्लोरीच्या हक्कांवर काढलेला 'नेव्हर से नेव्हर अगेन', त्यात बारा वर्षांनी परत आलेला कॉनरी. काका इथे पेटतात. कारण 'ऑक्टोपसी' आपल्या उदयपूरचा, पिचोला तलावातला पांढरा महाल, कबीर बेदी व्हिलनचा उजवा हात, आणि विजय अमृतराज बाँडचा साथीदार, तो गुंडांना टेनिसच्या रॅकेटने झोडपते. काका रॅकेटचा तो फटका ठेल्यावर करून दाखवतात, एकदा बाजूच्याचा चहा सांडला होता. मी त्यांना म्हटलं, काका पण त्यात आपला देश म्हणजे खिळ्यांच्या पलंगावरचा फकीर, जळते निखारे, तलवार गिळणारा, आणि मधातून ऑटोचा पाठलाग, राग नाही आला का तुम्हाला? ते म्हणाले, "अरे आला ना, पण ऑटो उडाला तेव्हा शिट्टी मीच मारली."

आता सगळ्यात मोठा खड्डा. सॉल्ट्झमन पैशाच्या अडचणीत आला आणि १९७५ ला त्याने बाँडमधली आपली अर्धी मालकी युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओला विकली. १९८१ ला एमजीएमने ती कंपनी घेतली. १९९० ला एमजीएमच दुसऱ्याने घेतली आणि बाँडचे टीव्हीचे हक्क स्वस्तात फुंकून टाकायला निघाले म्हणून ब्रॉकोलीची बाजू कोर्टात. इतके फेरफार तर आपल्या तलाठ्यानेही पाहिले नसतील. यात १९८९ ते १९९५ अशी सहा वर्षं गेली. तेव्हाचा बाँड टिमोथी डाल्टन दोन पिक्चर करून तिसऱ्याची वाट बघत बसला आणि शेवटी १९९४ ला सोडून गेला. तोपर्यंत सोव्हिएत युनियनच राहिलं नव्हतं, लोक विचारायला लागले आता हा लढणार कोणाशी. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये बाँडची साहेब एम, म्हणजे जूडी डेंच, बाँडला तोंडावर डायनासोर म्हणते, ते उगीच नाही, बाहेर लोक जे बोलत होते तेच पिक्चरने स्वतःच्या तोंडून बोलून घेतलं. मला वाटते बाँडच्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट ही, त्यात नवा बाँड झालेल्या पिअर्स ब्रॉस्ननपेक्षाही.

फॅन लोकांच्या अपेक्षांचं म्हणाल तर त्याचा काही भरवसा नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं, थेम्स नदीतून स्पीडबोटीत आणलं त्याला, आणि गड्याने लाइफ जॅकेट घातलेलं. झालं. बाँड असून जॅकेट घालते, केस पिवळे, उंची कमी, इंटरनेटवर बहिष्काराची मोहीम. वर्षभरात 'कॅसिनो रॉयल' आला आणि सगळे गप. आज ठेल्यावर जो पोट्टा "क्रेगच्या लेव्हलचा पायजे" म्हणते त्याला हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. त्याचं बाँडशी नातंच वेगळं, २०१२ ला 'एक था टायगर' आणि 'स्कायफॉल' एकाच वर्षी पाहिलेली ही पिढी, ती टायगर अन् पठाणच्या हिशोबाने विचार करते, पिक्चर संपल्यावर पाट्या पळत असताना खुर्चीतच बसून राहते, पुढचा कोण दिसेल म्हणून.

मधात २०१० ला एमजीएम दिवाळखोरीत गेली आणि परत थांबा, म्हणून 'स्कायफॉल'ला चार वर्षं लागली. पण त्याने जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. २०१३ ला बाँडवाल्यांनी मॅक्लोरीच्या वारसांकडून हक्क विकत घेतले आणि लगेच २०१५ ला पिक्चरचं नावच 'स्पेक्टर', कोर्ट जिंकल्यावर घरावर बोर्ड लावतात तसं. त्या पिक्चरचे किस आपल्या सेन्सॉर बोर्डाने कापून अर्धे केले आणि संस्कारी बाँडचे मीम मूळ पिक्चरपेक्षा जास्त चालले, ते वेगळं.

मग २०२१. बाँड चक्क मेला. क्रेगच्या शेवटच्या पिक्चरमध्ये मिसाइल पडले, सगळं संपलं, आणि तरी पाट्या गेल्यावर खाली ओळ येते की जेम्स बाँड परत येईल. मेलेला माणूस परत येतो कसा यावर आमच्या ठेल्यावर एक अख्खा आठवडा गेला. पण खरी घडामोड बाहेर चालली होती. त्याच वर्षी ॲमेझॉनने ८४५ कोटी डॉलरला एमजीएम घ्यायचं ठरवलं, मार्च २०२२ ला सौदा पूर्ण झाला, तरी पिक्चर कसा काढायचा हे ठरवायचा अधिकार ब्रॉकोलीची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकल विल्सन यांच्याकडेच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ॲमेझॉनकडे गेला. घराण्याचं नाव मालकीत राहिलं, पण नांगर दुसऱ्याच्या हाती.

आताच्या सगळ्या अपेक्षांच्या मागे ही भीती आहे असं मला वाटते. आता दर सहा महिन्यांनी बाँडची सिरीज येईल का, गॅजेट बनवणाऱ्या क्यूचा वेगळा पिक्चर, ऑफिसातल्या मनीपेनीचा वेगळा? जून २०२५ मध्ये डायरेक्टर म्हणून 'ड्यून'वाल्या डेनी विल्नव्हचं आणि त्यानंतर लेखक म्हणून 'पीकी ब्लाइंडर्स'वाल्या स्टीव्हन नाइटचं नाव आलं तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. विल्नव्हचा पिक्चर म्हणजे सावकाश, मोठमोठ्या फ्रेम, त्यात पंच मारायला जागा कुठे, हे आमच्या गॅजेटवाल्याचं दुःख. माझी स्वतःची मागणी बारकी आहे. बंदुकीच्या नळीतून बाँड दिसते आणि वळून गोळी मारते तो सीन सुरुवातीलाच पाहिजे. टायटल बनवणाऱ्या मॉरिस बाइंडरने तो खऱ्या बंदुकीच्या नळीतून शूट केला होता, आणि पहिल्या तीन पिक्चरमध्ये वळून गोळी मारणारा कॉनरी नाहीच, बॉब सिमन्स नावाचा स्टंटवाला आहे. क्रेगच्या काळात 'स्कायफॉल'ला तो सीन शेवटी टाकला होता. लोक पार्किंगकडे निघाल्यावर.

परवा मी ठेल्यावर अजून एक सांगितलं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहते, फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०२५ पासून भारतात मोकळी. पिक्चरमधलं म्युझिक, ती नळी, ००७ चा लोगो यांना हात लावता येत नाही, इंग्लंड-अमेरिकेत दाखवताही येणार नाही, पण पुस्तकातली गोष्ट इथे कोणीही घ्यावी.

काका एकदम सरळ उभे राहिले. "मंग आपणच काढू ना. बोटीचा सीन फुटाळा तलावावर घेऊ."

ठेलेवाल्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "हिरो कोण घेता, काका?"

साडेनऊला ठेला बंद झाला तरी ते काही ठरलं नाही.