स्वाइन फ्लू : लोकांचे प्रश्न आणि भीती

स्वाइन फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा ए जातीच्या एच१एन१ विषाणूमुळे होणारा फ्लू. या विषाणूचे बरेचसे जनुक डुकरांमधल्या फ्लूचे म्हणून हे नाव पडलं आणि ते असं चिकटलं की जागतिक आरोग्य संघटनेने दुसरं नाव वापरायला सांगूनही कोणी ऐकलं नाही. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो सापडला, ११ जूनला महासाथ जाहीर झाली, भारतातला पहिला पेशंट मे महिन्यात हैदराबादला मिळाला आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. ही नोंद मुख्यतः त्या साथीत आणि नंतर लोकांना पडलेल्या प्रश्नांबद्दल आहे. रोगाबद्दल माहिती ढीगभर मिळते, पण लोक नक्की कशाला घाबरले होते हे फारसं कोणी लिहून ठेवत नाही.

त्या पहिल्या मृत्यूनंतरचा आठवडा पुण्यात कोणी विसरलेलं नाही. शाळा-कॉलेजं बंद, मॉल आणि मल्टिप्लेक्स बंद, आणि नायडू हॉस्पिटलबाहेर रांग. हे महापालिकेचं संसर्गजन्य रोगांचं हॉस्पिटल, त्यामुळे ज्याला शिंक आली तो तिकडे निघाला, पोराला कडेवर घेऊन आई उभी, मागे कॉलेजची मुलं, पुढे खरोखर फणफणलेला कोणीतरी, आणि सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर. ज्याला नुसती सर्दी होती त्याला फ्लू मिळायची सोयच ती. पण लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण सुरुवातीला तपासणी फक्त सरकारी लॅबमध्ये, म्हणजे इथे एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, व्हायची आणि टॅमिफ्लू ही फ्लूवरची गोळीही सरकारी केंद्रावरच मिळायची, मग माणूस दुसरीकडे जाणार कुठे? नंतर राज्याने साथरोग कायदा लावून आणखी तपासणी केंद्रं उघडली. हा १८९७ चा कायदा, प्लेगच्या वेळचा, आणि प्लेगमध्ये पुण्याने काय भोगलं ते माहीत असलेल्यांना तो परत निघाल्याचं ऐकून जरा कसंतरीच झालं असणार.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे मला टेस्ट का करत नाहीत. याचं उत्तर केंद्र सरकारने ए, बी, सी अशा गटांत दिलं होतं, उत्तर बरोबर होतं पण ते लोकांपर्यंत नीट पोचलंच नाही. साधा ताप, खोकला, घसा दुखणं, अंग दुखणं म्हणजे ए. टेस्ट नाही, टॅमिफ्लू नाही, घरी बसायचं, घरातल्यांपासून लांब राहायचं आणि एक-दोन दिवसांनी डॉक्टरने परत बघायचं. ताप जास्त आणि घसा फारच धरलेला असेल तर बी, आणि गरोदर बाई, ५ वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, डायबेटिस, दमा, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर साधी लक्षणं असली तरी बी. यांना डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता टॅमिफ्लू देऊ शकतो. दम लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, बीपी उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, किंवा लहान मूल खातपीत नाही आणि झोपूनच राहतं, हा झाला सी गट. टेस्ट या गटाची करायची आणि लगेच ॲडमिट करायचं. म्हणजे टेस्ट केली नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्ही ठीक आहात’ असा होता, पण खिडकीवरून कोणी तसं सांगत नव्हतं, नुसतं ‘घरी जा’ म्हणत होते, आणि टीव्हीवर दिवसभर मृतांचा आकडा फिरत असताना ‘घरी जा’ हे ऐकणाऱ्याला काय वाटेल?

दुसरा प्रश्न मास्कचा. एन९५ हा शब्द पुणेकर तेव्हाच शिकले, कोविडमध्ये नाही. एन९५ बघता बघता दुकानांतून संपला, मग साधे तीनपदरी, मग रुमाल. पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुली आधीपासूनच तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरत होत्या त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. तीनपदरी मास्क चार-सहा तासांनी किंवा ओला झाला की टाकायचा असतो, लोक तोच आठवडाभर वापरत होते, बोलताना हनुवटीवर ओढत होते आणि त्याच हाताने नाक पुसत होते. खरं तर सरकारी सूचना सांगत होती की मास्क आजारी माणसाने आणि त्याची सेवा करणाऱ्याने लावावा, बाकीच्यांनी हात धुवावेत आणि गर्दी टाळावी. पण हात धुतलेले कोणाला दिसत नाहीत, मास्क दिसतो.

कापूर-वेलचीची पुरचुंडी हा त्या साथीचा घरगुती शोध. रुमालात कापूर आणि वेलची बांधायची आणि मधूनमधून हुंगायची, शाळा सुरू झाल्यावर मुलांच्या खिशात, दप्तरात, ऑफिसला जाणाऱ्यांच्या पर्समध्ये हेच. याने विषाणू मरत नाही, वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. चक्रफुलाच्या काढ्याची गोष्ट जरा वेगळी. टॅमिफ्लू बनवायला लागणारं शिकिमिक ॲसिड खरंच चक्रफुलातून काढतात, पण त्यापासून औषध होईपर्यंत कारखान्यात बऱ्याच रासायनिक पायऱ्या असतात, त्यामुळे चक्रफूल उकळून प्यालं म्हणजे टॅमिफ्लू प्यालं असं होत नाही.

डुक्कर खाल्ल्याने होतो का, गल्लीतल्या डुकरांपासून होतो का, हेही लोक विचारायचे. नीट शिजवलेल्या मांसातून हा होत नाही, आणि २००९ चा विषाणू माणसाकडून माणसाकडेच पसरत होता, त्याला मधे डुक्कर लागत नव्हतं. इजिप्तने तर एकही पेशंट नसताना देशातली डुकरं मारायला काढली होती. आपल्याकडे २००६ ला नवापूरचा बर्ड फ्लू होऊन गेलेला, त्यामुळे काही जणांनी चिकनबद्दलही विचारलं, त्याचा इथे संबंध नाही.

टॅमिफ्लू म्हणजे ऑसेल्टामिविर, मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतली तर जास्त उपयोग. आधी दुकानात विक्री बंद होती, सप्टेंबर २००९ मध्ये ठरावीक परवान्याच्या दुकानांना चिठ्ठीवर द्यायची मुभा मिळाली. घरात साठवून ठेवू का, असं विचारणारे पुष्कळ होते. कारण नसताना घेतलेल्या गोळीने विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो, सरकार हात आखडून होतं ते यासाठी, पण साठेबाजीची बातमी आली की हे कारण कोणालाच पटायचं नाही.

आता आकडे बघा. सरकारी नोंदीप्रमाणे भारतात २००९ मध्ये मृत्यू ९८१, २०१० मध्ये १,७६३. ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं, मास्क कपाटात गेले, आणि मृत्यू मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्त झाले. २०१५ मध्ये तर जवळपास ३ हजार. तेव्हाची लाट जानेवारी ते मार्चमधली होती, हा पावसाळ्यातला आजार असं समजून बसलेल्यांना ती अनपेक्षित होती, खरं म्हणजे आपल्याकडे याचे दोन मोसम, एक पावसाळ्याचा आणि एक थंडी सरतानाचा. भीती पहिल्या मृत्यूला येते, हजाराव्याला नाही. २००९ चा तो विषाणू आता नेहमीच्या फ्लूमध्येच जमा झालाय.

लशीबद्दलचे प्रश्न आजही डॉक्टरांना ऐकावे लागतात. २०१० मध्ये झायडस कॅडिलाचं इंजेक्शन आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात मारायची नेझोव्हॅक आली, तेव्हा ‘नाकातली लस चालते का’ ही शंका फार होती. चालते, पण तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असल्याने गरोदर बाईला देत नाहीत, तिला इंजेक्शनच. इंजेक्शनने फ्लू होतो हा समज चुकीचा, त्यातला विषाणू मेलेला असतो, एखाद दिवस कणकण येते किंवा दंड दुखतो. लस घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून शेजारच्या घरात पेशंट निघाल्यावर धावण्यात फार हशील नाही. आणि दरवर्षी परत का घ्यायची, तर विषाणू रूप बदलतो आणि लशीतले प्रकारही त्याप्रमाणे बदलतात, मागच्या वर्षीची लस यंदा पुरेलच असं नाही.