यूएसबी एन्कोडर आणि सहा बटणांचं भूत
घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमध्ये असतं तसं व्हिडिओ गेमचं उभं कपाट, बनवायला घेतलं की कोणीतरी सांगतंच, यूएसबीवर एकावेळी सहाच बटणं चालतात, बटणं कॉम्प्युटरला जोडणारा एन्कोडर बोर्ड पीएस/२ वालाच, म्हणजे जुन्या गोल कीबोर्ड पोर्टचाच घ्या. अहो, ती मर्यादा यूएसबीची नाहीच, कीबोर्डच्या बूट प्रोटोकॉलची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाही कीबोर्ड चालावा म्हणून ठेवलेल्या साध्या पद्धतीची आहे, आणि त्यातही शिफ्ट-कंट्रोलसारख्या आठ कीज वेगळ्या जातात. गेमपॅड म्हणून ओळख देणाऱ्या बोर्डात प्रत्येक बटणाला स्वतःचा बिट, म्हणजे चालू-बंदची वेगळी खूण असते, दाबा सगळी एकदम. खरा घोळ होतो जुना कीबोर्ड फोडून त्याचं सर्किट वापरलं की, तिथे रो-कॉलमची मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या सामायिक तारांची जाळी असते, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नसले तर चौकोनात येणारी तीन बटणं दाबली की चौथं आपोआप लागतं नाहीतर तिसरंच गिळलं जातं, मग वायर पीएस/२ ची असो की यूएसबीची. बोर्ड घेताना प्रत्येक बटणाला वेगळी पिन आहे का बघा, ग्राउंडची एकच वायर बटणांखालच्या सगळ्या मायक्रोस्विचमधून फिरवली तरी चालते.