किशोरकथा आणि अवघड विषय

किशोरकथा आणि अवघड विषय : साधारण तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी मृत्यू, कर्ज, आत्महत्या, व्यसन, जातीवरून होणारा अपमान, लैंगिक अत्याचार, बालविवाह अशा विषयांवर केलेले कथालेखन. मुलांनी घरात जे पाहिलेच आहे ते लपवायचे नाही आणि निव्वळ धक्का देण्यासाठी काही दाखवायचे नाही, ही या लेखनाची पहिली अट.

या प्रकाराचे नाशिकशी जुने नाते आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. पुस्तक १९३५ मध्ये आले. ते संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती दिले जाते. पण त्याच्या बेचाळीस ‘रात्रीं’त, म्हणजे प्रकरणांत, गरिबी आहे, आजारपण आहे, आईचा मृत्यू आहे. एका रात्रीचे नावच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असे आहे. वसुलीसाठी दारात आलेला माणूस आणि घराचा झालेला अपमान गुरुजींनी मुलांपासून दडवला नाही. पुढच्या कितीतरी बालपुस्तकांनी या परंपरेतला उपदेश तेवढा उचलला आणि दारातला वसुलीवाला गाळला. मराठी किशोरसाहित्याचे त्यात मोठे नुकसान झाले.

तो वसुलीवाला नाशिक जिल्ह्यातून गेलेला नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षे काढणीला आली असताना गारपीट होते, कधी व्यापारी माल उचलून पैसे बुडवतो, आणि गावातल्या सहकारी सोसायटीचे कर्ज तसेच राहते. अशा घरातल्या नववीतल्या मुलाची कथा लिहायची तर सोपी वाट ठरलेली आहे : वडील जातात, शिक्षक धीर देतात, मुलगा जिद्दीने शिकून साहेब होतो. प्रामाणिक कथा दहाव्या-तेराव्याच्या आसपास थांबून बघते. वडिलांचा मोबाइल अजून चालू आहे. वसुलीचा फोन येतो. आई आत बायकांत बसलेली, म्हणून मुलगा फोन उचलतो आणि ‘पप्पा घरी नाहीत’ एवढेच सांगतो. त्याला वडिलांची आठवण येते, त्यांचा रागही येतो, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटते. या रागाला जागा न देणारी कथा अशा मुलाला परकी वाटते, कारण त्याच्या मनातली सर्वांत जड गोष्ट तिने ओळखलेलीच नसते.

मात्र सगळे सांगणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. आत्महत्येच्या वार्तांकनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना दिलेल्या सूचना कथाकारालाही उपयोगी आहेत : पद्धतीचे तपशील देऊ नयेत, एकच एक कारण सांगू नये, मृत्यूला सुटकेचे रूप देऊ नये. यातली दुसरी सूचना कथेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ‘कर्जामुळे गेले’ हे वाक्य गावात पटकन बोलले जाते. कथेने त्यामागची झोप उडालेली रात्र, बोलणे बंद झालेला माणूस, न घेतलेले उपचार दाखवायला हवेत.

अत्याचाराच्या कथेत लेखकाला कायदा माहीत असावाच लागतो. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचे कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘बाई, कुणाला सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलीला ‘नाही सांगणार’ असे वचन देणारी बाई कितीही मायाळू रंगवली, तरी ती वाचकाची दिशाभूल करते. तिने काय म्हणावे, हे लिहिणे अवघड आहे आणि कथेचा खरा कस तिथेच लागतो. सांगितल्यावर पुढे काय होईल, ही भीती मुलांना गप्प ठेवते. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, अशी तरतूद आहे. हा प्रसंग कथेत नीट आला तर ती भीती थोडी कमी होऊ शकते.

जातीच्या अपमानाविषयी मराठीत धारदार लेखन झाले आहे. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. पण ते मोठ्यांसाठीचे लेखन. वसतिगृहात ताट वेगळे ठेवले गेलेल्या मुलासाठी, त्याच्या वयाच्या नजरेतून लिहिलेले फार थोडे मिळते. भाषेचेही तसेच : सुरगाणा-पेठकडची कोकणा बोली किंवा बागलाणातली अहिराणी पात्रांच्या तोंडी विनोदापुरती येते, दुःखाच्या वेळी मात्र सगळे प्रमाण मराठी बोलू लागतात. हे खोटे वाटते आणि मुलांना ते लगेच कळते.

प्रकाशनाच्या बाजूने, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून या वयाच्या वाचकांपर्यंत पोहोचत आले आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० चे. तरीही पुस्तक निवडणारे बहुधा पालक किंवा शिक्षक असतात, आणि विषय पाहून ते बिचकतात. त्यांच्यासाठी पुस्तकात आरंभी विषयाची स्पष्ट सूचना द्यावी, आणि शेवटी चाइल्डलाइनचा १०९८ व मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक छापावेत. दोन्ही क्रमांकांवर फोन करायला पैसे पडत नाहीत, हेही तिथेच लिहावे.