वर्ष खरंच वाया जातं का?
कॉलेजचं पहिलं वर्ष झालं आणि घरच्या अडचणीनं पोरगी कोल्हापूरच्या गुजरीतल्या दुकानात कामाला लागली, की गल्लीत सगळे म्हणतात, "गेलं की वर्ष वाया!" आता तसं राहिलेलं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आपल्या नावच्या खात्यावर जमा राहतात. उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला, तर वर्षानंतर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. 3 वर्षांत परत यायचं, एकूण 7 वर्षांत पदवी पुरी करायची. परतणारीला राहण्याजेवणाची सोयही हवी. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं वसतिगृहं उभारली ती शिकणाऱ्यांच्या अशाच सोयीसाठी. कॉलेज सोडण्याआधी ऑफिसात जाऊन क्रेडिट खात्यावर चढलेत का, एवढं नक्की बघा.