सदोष सेंटचे मोल टांकसाळीत ठरते

अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यातला, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘पेनी’तला, एखादा दोष हजारो डॉलर मिळवून देतो आणि तसाच दिसणारा दुसरा दोष कवडीमोल ठरतो. या तफावतीचे कारण टांकसाळीत आहे.

लिंकनची छबी असलेला सेंट १९०९ मध्ये निघाला. मागील बाजूवरील शिल्पकार ब्रेनर यांची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरे अनेकांना खटकली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत अशी ४,८४,००० नाणीच पाडून झाली होती. हा दोष नव्हे, पण दुर्मिळतेला भाव येतो तो असा. युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून १९४३ मध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट निघाले, तरी आदल्या वर्षीच्या काही मोजक्या ब्राँझच्या चकत्या यंत्रात गेल्याच. शाळकरी वयात एका मुलाला १९४७ मध्ये सुट्ट्या पैशांत मिळालेले असे एक नाणे २०१९ मध्ये दोन लाख चार हजार डॉलरला विकले गेले. साहजिकच पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन, किंवा १९४८ मधला आठ घासून त्याचा तीन करून, नकली माल तयार झाला. पहिली लबाडी साधे लोहचुंबक उघडी पाडते. दुसरीसाठी मात्र भिंगातून आकड्याचे वळण पाहावे लागते, कारण १९४८ च्या नाण्याचे ३.११ ग्रॅम वजन १९४३ च्या खऱ्या ब्राँझच्या नाण्याइतकेच भरते.

संग्राहकांचा खरा लाडका दोष १९५५ चा. त्या काळी उठावाचा पोलादी नमुना ठशात एकदा दाबला की ठशाचे पोलाद कडक होई, म्हणून ते तापवून, मऊ करून पुन्हा दाबावे लागे. फिलाडेल्फियात एका ठशाच्या बाबतीत दुसऱ्या वेळी नमुना किंचित फिरला आणि त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर वर्ष व अक्षरे दुहेरी उमटली. चूक लक्षात आली तेव्हा यातली वीस हजारांहून अधिक नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती. ती वेचत बसण्यापेक्षा तशीच बाहेर जाऊ देणे अधिकाऱ्यांना सोयीचे वाटले. मागील बाजूचा ठसा वेगळा असल्याने तेथे दुहेरीपणाचा मागमूस नाही.

याउलट, नाणे पाडताना ठसा सैल असल्यामुळे हलला, तर अक्षराच्या कडेला चपटी, पायरीसारखी रेघ उमटते. विक्रीच्या जाहिरातींत तिलाही सर्रास ‘दुहेरी ठसा’ म्हणून खपवले जाते, पण जाणकार तिला जादा पैसा देत नाहीत. झिजलेल्या ठशामुळे १९५५ च्याच काही नाण्यांवरील शेवटचा पाच दुहेरी भासतो. त्याचीही गत तीच. अस्सल नाण्याचा भाव मग त्याच्या अवस्थेवर ठरतो. मूळ तांबूस झळाळी टिकली असेल तर तो चढतो, आणि चिंच किंवा पावडरीने घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव तेथेच कोसळतो.