उत्तम कामगार बढतीनंतर फिका का पडतो?

मार्च संपला की कंपन्यांमध्ये अप्रेझलची धामधूम सुरू होते आणि पाठोपाठ बढत्यांच्या याद्या लागतात. यादी लागली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळ्यात चांगलं काम त्याचं, मग वर त्यालाच घेतलं पाहिजे." वर्षभराने त्याच माणसाबद्दल दुसरं वाक्य येतं: "साहेब झाला आणि बदलला." पहिलं वाक्य न्यायाचं वाटतं, दुसरं अनुभवाचं. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, आणि तो दूर करायला स्वभावशास्त्रापेक्षा संख्याशास्त्र जास्त कामी येतं.

आधी पायऱ्यांबद्दल थोडं. १९५५ साली रॉबर्ट काट्झ यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. त्या काळी कंपन्या आदर्श अधिकाऱ्याचे जन्मजात गुण शोधत होत्या. काट्झ म्हणाले, गुण शोधू नका, माणूस काय करू शकतो ते पाहा. त्यांनी तीन कौशल्यं सांगितली: प्रत्यक्ष कामाचं तांत्रिक कौशल्य, माणसांबरोबर काम करण्याचं कौशल्य, आणि संस्थेकडे एकसंध नजरेने पाहण्याचं, म्हणजे संकल्पनात्मक कौशल्य. तिन्ही सगळ्यांनाच लागतात, पण प्रमाण बदलतं. खालच्या पायरीवर तांत्रिक कौशल्याचा वाटा मोठा, वर जाल तसा तो घटतो आणि संकल्पनात्मक वाढतो. माणसांचं कौशल्य मात्र प्रत्येक पायरीवर लागतंच.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हे तिन्ही थर एकाच कुंपणात दिसायचे. साचेखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, बिघडलेला साचा, म्हणजे माग, स्वतः लावून द्यायचा. हात काळे करणारा माणूस होता तो. पण तेवढ्याने कुणी जॉबर होत नसे. सकाळी दाराशी उभ्या असलेल्या बदली कामगारांतून आज कुणाला आत घ्यायचं हे तो ठरवायचा, गावाकडून माणसं आणायचा, अडल्यानडल्याला पैशांची सोय करायचा. यातूनच दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दलची लाच, खाण्याची वाईट प्रथाही पोसली गेली, आणि तीही माणसं ओळखण्याच्या कौशल्यावरच उभी होती. त्याच्या वर विव्हिंग मास्टर. त्याला एका साच्यापेक्षा अख्ख्या खात्याचा मेळ बघावा लागे: सूतखात्याकडून सूत वेळेवर येतं का, रंगखात्याला कापड कधी द्यायचं. सर्वात वर मॅनेजिंग एजंट. कापूस कधी खरेदी करायचा, जपानी मालाशी टक्कर द्यायला दर किती ठेवायचा, नवे माग घ्यायचे की पाळी वाढवायची, हे त्याचे प्रश्न. तुटलेला धागा त्याला जोडता आला नाही तरी गिरणीचं काही अडत नव्हतं.

काट्झ यांनी १९७४ साली त्याच लेखाला एक टिपण जोडलं, आणि मला ते मूळ लेखापेक्षा मोलाचं वाटतं. माणसांच्या कौशल्याचे त्यांनी दोन भाग पाडले: आपल्या गटाला पुढे नेणं आणि दोन गटांमध्ये दुवा साधणं. एकात पटाईत असलेला माणूस दुसऱ्यात बऱ्याचदा बेताचाच असतो, असं त्यांनी नोंदवलं. हे पटण्यासारखं आहे. आपल्या माणसांसाठी भांडणारा खातेप्रमुख खालच्यांना देवमाणूस वाटतो, पण शेजारच्या खात्याला तोच डोईजड होतो. वरच्या खुर्चीत तर दुवा साधण्याचंच काम असतं.

म्हणजे प्रत्येक पायरीवर परीक्षेचा विषयच बदलतो. आता खऱ्या गमतीकडे येऊ, आणि इथे थोडं गणित आहे.

समजा, एका कंपनीत १०० विक्री प्रतिनिधी आहेत. वर्षाअखेर प्रत्येकाच्या कामगिरीला गुण दिले. सरासरी ६०, आणि पहिल्या आलेल्याला ८०. हे जादा २० गुण कुठून आले? काही कौशल्यातून, काही योगायोगातून. चांगला भाग वाट्याला आला, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने याच वर्षी खरेदी काढली, प्रतिस्पर्ध्याचा माल महिनाभर बाजारात आला नाही. माणसामाणसांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा कौशल्यामुळे आणि निम्मा योगायोगामुळे आहे असं धरू. मग पहिल्या आलेल्याच्या २० जादा गुणांपैकी सरासरीने १० कौशल्याचे आणि १० योगायोगाचे निघतात. आपण यादीच्या टोकावरचा माणूस उचलला, इथेच सगळं आलं. तितकंच कौशल्य असलेले पण त्या वर्षी नशीब आडवं आलेले लोक टोकापर्यंत पोचलेच नाहीत. टोकावर जो सापडतो तो कुशल तर असतोच, शिवाय त्या वर्षापुरता नशीबवानही असतो.

पुढच्या वर्षी त्याच जागेवर त्याचं कौशल्य त्याच्याबरोबर असेल, योगायोग मात्र नव्याने वाटला जाईल. म्हणून अपेक्षा ७० गुणांची. आता त्याला एरिया मॅनेजर केलं. इथे विकायचं नाही, विकणारी माणसं घडवायची आहेत. दोन्ही कामांच्या कौशल्यांत संबंध आहे, पण सैलसर. असा संबंध संख्याशास्त्रात सहसंबंधाच्या आकड्याने मोजतात: १ म्हणजे पूर्ण संबंध, शून्य म्हणजे काहीच नाही, उणे म्हणजे उलटा. इथे तो ०.३ धरू. जुन्या कौशल्यातले १० गुण नव्या कामात ०.३ च्या प्रमाणात उतरतील, म्हणजे ३. अपेक्षा ६३ गुणांची, म्हणजे इतर कुठल्याही प्रतिनिधीला खुर्चीत बसवून जेवढे मिळाले असते, त्याहून जेमतेम ३ जास्त. सहसंबंध शून्य असेल तर अपेक्षा थेट ६० वर येते, आणि उणे ०.२ असेल तर ५८ वर. "दे इकडे, मीच करतो" म्हणणारा पट्टीचा विक्रेता हाताखालच्यांना शिकूच देत नसेल, तर संबंध उणे असायलाही हरकत नाही.

८० वरून ६३. यात कुणी आळशी झालं नाही, कुणाच्या डोक्यात हवा गेली नाही. निवड टोकावरून केली आणि विषय बदलला, एवढ्या दोनच गोष्टींनी ही घसरण घडवली.

या सरासरीकडे परतण्याचा शोध बढत्यांतून लागलेला नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंच्या मांडल्या, तेव्हा फार उंच आईबापांची मुलं उंच असली तरी सरासरीच्या जवळ सरकलेली दिसली, आणि फार बुटक्यांची मुलंही तशीच. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझियर यांनी २००४ साली हेच बढतीला लावून दाखवलं: बढतीनंतरची घसरण ही बढती देण्याच्या निकषातच दडलेली आहे. कॅनडात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली जे तत्त्व मांडलं, की उतरंडीत प्रत्येक जण आपल्या अकार्यक्षमतेच्या पायरीपर्यंत चढत जातो, त्याला हा पाया मिळाला.

सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी यावर संगणकात एक कंपनी उभी केली: सहा थर, १६० पदं. नव्या पदावरची कुवत जुन्या पदावरच्या कुवतीशी अजिबात संबंध नसलेली धरली, तर सर्वोत्तमाला बढती देत राहिल्याने कंपनीची एकूण कार्यक्षमता घसरत गेली. चिठ्ठी टाकून बढती दिली तर कंपनी निदान सुरक्षित राहिली. या कामाला २०१० साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, म्हणून ते हसण्यावारी नेणं चूक ठरेल. पण सहसंबंध शून्य हे त्यांचं गृहीतक होतं, हेही विसरता कामा नये. कुवत जशीच्या तशी वर जाते असं धरलं की त्याच संगणकात सर्वोत्तमाला बढती देणंच फायद्याचं ठरतं. सगळा वाद त्या एका सहसंबंधाच्या आकड्यावर येऊन थांबतो.

तो आकडा प्रत्यक्षात कसा असतो? ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. निबंध २०१९ साली आला. कंपन्या जास्त विक्री करणाऱ्यालाच वर घेत होत्या, आणि व्यवस्थापक झालेल्यांमध्ये ज्यांची आधीची विक्री जास्त, त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी कमी भरत होती. उलट, जे आधी सहकाऱ्यांबरोबर मिळून सौदे करत होते ते पुढे चांगले व्यवस्थापक निघाले. म्हणजे हवी ती माहिती कंपनीच्या दप्तरात होती, फक्त निवड करताना वजन दुसऱ्याच रकान्याला दिलं गेलं.

सरासरीकडे परतणं पहिल्या पायरीवरच्या साहेबाला आणखी एका प्रकारे फसवतं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं, असा एका प्रशिक्षकाचा ठाम अनुभव होता. त्याची निरीक्षणं खरी होती, निष्कर्ष चुकीचा. असामान्य चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण एरवीही थोडं खालीच येणार, आणि फार वाईट उड्डाणानंतरचं वर. मध्ये ओरडलात काय आणि गप्प बसलात काय. "यांना शिव्या घातल्याशिवाय हे काम करत नाहीत" असं मानणारे सुपरवायझर आपल्याकडे जागोजाग भेटतात. त्यांना हा धडा त्यांच्या अनुभवानेच शिकवलेला असतो, म्हणून तो पुसायला इतका कठीण जातो.

वास्तुशास्त्राचा धंदाही याच आधारावर चालतो. विक्री पार कोसळलेल्या वर्षी कुणीतरी वास्तुतज्ज्ञ बोलावतो, साहेबांची केबिन नैऋत्येला हलते, दार फोडून दुसरीकडे बसवतात, आणि पुढच्या वर्षी आकडे सावरतात. अतिशय वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुधा बरंच असतं. केबिन होती तिथेच ठेवली असती तरी. बारा राशींसारखे माणसांचे सोळा प्रकार पाडणाऱ्या चाचण्या आणि पंचतारांकित हॉटेलातली दोन दिवसांची नेतृत्व शिबिरं यांनाही हीच कसोटी लावायला हवी: ज्यांनी हे केलं नाही त्यांचं त्याच काळात काय झालं?

ही कसोटी प्रत्यक्ष लावलेला एक सुंदर प्रयोग आपल्या दाराशी झाला आहे. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि सीमेपलीकडचं, गुजरातेतलं उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो केला. निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासात १७ कंपन्या होत्या. प्रयोगातल्या सगळ्या कारखान्यांची महिनाभर तपासणी झाली, आणि चिठ्ठीने निवडलेल्यांना पुढे चार महिने सल्लागारांची मदत मिळाली. शिकवलं काय, तर ३८ साध्या रिती. कापडातला प्रत्येक दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुठल्या डिझाइनमध्ये आला ते रोज लिहायचं. सुताच्या साठ्याची नोंद ठेवायची. माग बंद का पडला ते टिपायचं आणि रोज त्यावर बसून बोलायचं. पहिल्या वर्षातच या कारखान्यांची उत्पादकता तुलनेच्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी वाढली. दोन्ही गटांचं वर्ष तेच, बाजार तोच, म्हणून ही वाढ योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही.

या निबंधात मला सर्वात बोलकी वाटते ती मालकांची गोष्ट. कंपनी किती मोठी होणार याचा संबंध कुटुंबात किती पुरुष आहेत याच्याशी दिसला. बाहेरच्या व्यवस्थापकावर निर्णय सोपवायला मालक धजत नव्हते. भाऊ किंवा मुलगा असेल तरच दुसरा कारखाना. वरच्या पायरीवर काय लागतं याचं उत्तर इथे मिळतं: दुसऱ्याच्या हाती कारभार देऊन, तो नोंदींवरून तपासता येणं. ते जमलं नाही की मधला थर तयारच होत नाही. संशोधक २०१७ साली तिथे परत गेले तेव्हा सुमारे निम्म्या रिती सुटलेल्या होत्या, तरी त्या कारखान्यांची आघाडी टिकून होती. रिती सुटण्याची कारणं होती व्यवस्थापक बदलणं आणि संचालकांना वेळ नसणं.

मग चांगल्या कामगाराचं काय करायचं? त्याला मान आणि पैसा द्यायला खुर्ची बदलावीच लागते असं नाही. आपल्या अणुऊर्जा विभागात गुणवत्तेवर बढतीची पद्धत आहे. वरची जागा रिकामी नसली तरी शास्त्रज्ञाची श्रेणी वाढते, आणि त्यासाठी त्याला प्रयोगशाळा सोडून कारभारी व्हावं लागत नाही. खासगी कारखान्यांनी हे उचलायला काहीच अडचण नाही.

ज्याला खरोखर वर घ्यायचं आहे त्याची निवड करताना एकाच वर्षाचा आकडा धरू नये. वरच्या उदाहरणात योगायोग दर वर्षी नव्याने वाटला जातो असं धरून चार वर्षांची सरासरी घेतली, तर कौशल्याचा वाटा निम्म्यावरून ८० टक्क्यांवर जातो. अर्थात तेही जुन्याच कामातलं कौशल्य. नव्या कामाचा अंदाज हवा असेल तर ते कामच थोडं करून पाहावं लागतं: प्रभारी म्हणून पाळी सांभाळणं, नव्या भरतीला शिकवणं. अशा तीन महिन्यांच्या चाचणीत योगायोगाचा वाटा वर्षापेक्षाही मोठा असतो, म्हणून ती एकाच माणसाची घेऊन भागत नाही. त्याच महिन्यांत, तशाच पाळीवर, दोघा-तिघांना आळीपाळीने बसवावं, आणि नोंद त्यांच्या स्वतःच्या कामाची न ठेवता त्यांच्या हाताखालच्यांच्या कामाची ठेवावी.