ईमेल मार्केटिंग सेवा : छोट्या व्यवसायासाठी निवड

शेकडो-हजारो ग्राहकांना एकाच वेळी, पण प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल पाठवणारी, त्यांच्या पत्त्यांची यादी सांभाळणारी आणि कुणाचे पत्र पोचले, कुणाचे परत आले याची नोंद ठेवणारी भाड्याची यंत्रणा. मेलचिंप, ब्रेव्हो, मेलरलाइट, झोहो कॅम्पेन्स ही या धंद्यातली परिचित नावे. जीमेलच्या मोफत खात्यातून दिवसाला साधारण ५०० ईमेल जातात, गूगल वर्कस्पेसच्या सशुल्क खात्यातून २,०००. त्यामुळे दोन-तीनशे गिऱ्हाइकांचा दुकानदार सगळ्यांचे पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, टाकून भागवतो. कधीतरी घाईत ते ‘टू’च्या रकान्यात जातात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती बाकी सगळ्यांचे पत्ते पडतात. सेवेची गरज बहुधा त्या दिवशी पटते.

आपल्याकडे ग्राहक व्हॉट्सॲपवर असतो हे खरेच. पण व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्याने दुकानाचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप जात नाही. दिवाळीच्या भेटी मागवणारी कार्यालये आणि परदेशातून मागणी नोंदवणारे ग्राहक यांच्याशी व्यवहार अजून ईमेलवरच चालतो.

व्यापारी ईमेलचा पहिला गाजलेला प्रसंग ३ मे १९७८ चा. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा विक्रेता गॅरी थर्क याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता धाडले आणि त्यांचा रोष ओढवून घेतला. छोट्या व्यावसायिकाला परवडेल अशी सेवा पुढे मेलचिंपसारख्या कंपन्यांनी दिली. २००१ मध्ये अटलांटात सुरू झालेल्या या कंपनीने २००९ मध्ये मोफत योजना आणली आणि २०२१ मध्ये इन्ट्युइट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला विकत घेतली. एके काळी २,००० पत्त्यांपर्यंत फुकट असलेली ती योजना २०२३ पर्यंत ५०० वर आली. ‘फुकट आहे’ एवढ्याच कारणाने सेवा निवडू नये, याला हा दाखला पुरेसा आहे.

निवडीत सर्वांत जास्त फरक पडतो तो दर आकारण्याच्या पद्धतीने. काही सेवा यादीतल्या पत्त्यांवर महिन्याचे भाडे घेतात, काही पाठवलेल्या पत्रांवर. देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचे उदाहरण घेऊ. यादीत १,२०० ग्राहक, हंगाम मार्च ते मे. पाडव्याला पहिल्या पेटीची बातमी, अक्षय्य तृतीयेला दर, शेवटी कॅनिंगचा माल, अशी वर्षात फार तर सहा पत्रे, म्हणजे एकूण ७,२०० ईमेल. पत्त्यांवर भाडे घेणाऱ्या सेवेत तो बारा महिने पैसे भरतो आणि त्यांतले नऊ महिने यादी नुसती पडून असते. त्याला पत्रांवर आकारणारी सेवाच परवडते. उलट दर आठवड्याला नव्या साड्या दाखवणाऱ्या दुकानाला तीच महाग पडते. ब्रेव्होच्या मोफत योजनेत दिवसाला ३०० ईमेलची मर्यादा आहे. बागायतदाराची यादी तिच्यातून सरायला चार दिवस लागतील आणि चौथ्या दिवशीच्या तीनशे जणांना पत्र मिळेल तेव्हा पहिल्या पेट्या संपलेल्या असतील. ॲमेझॉनची एसईएस ही सेवा हजार ईमेलला दहा सेंट घेते, म्हणजे त्याचा अख्खा हंगाम पाऊण डॉलरच्या आत उरकतो. मात्र ती नुसती पाइपलाइन आहे. यादी सांभाळणे, पत्र सजवणे हे सारे आपले आपण करायचे. घरात कुणी प्रोग्रॅमिंग जाणणारे नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

दरपत्रकात ठळक न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. मेलचिंपने २०१९ पासून अनसबस्क्राइब केलेले, म्हणजे यादीतून बाहेर पडलेल्यांचे, पत्तेही मोजणीत धरले; ते ‘अर्काइव्ह’ केले तरच बिलातून सुटतात. परदेशी सेवेचे बिल बहुधा डॉलरमध्ये येते. जीएसटी नोंदणी नसलेल्याच्या बिलावर १८ टक्के कर चढतो, नोंदणी असलेल्याला तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाल्यावर अनेकांच्या कार्डावरून परदेशी सेवांचे मासिक पैसे कापले जाईनात. ऐन हंगामात खाते थांबू नये म्हणून भारतीय रुपयांत बिल देणारी सेवा, उदाहरणार्थ चेन्नईच्या झोहोची, इथे उजवी ठरते.

पत्र इनबॉक्समध्ये पडते की स्पॅममध्ये, हे सेवेइतकेच पाठवणाऱ्याच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या ‘ॲट’नंतरच्या नावावर, अवलंबून असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्र आपल्याच डोमेनचे आहे आणि वाटेत बदललेले नाही हे सांगणारी डिजिटल सही, पाकिटावरची लाखेची मोहोरच. आणि ही दोन्ही जुळली नाहीत तर पत्राचे काय करायचे ते डीमार्क सांगतो. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीची आहेत, शिवाय एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोयही. छोट्या व्यावसायिकानेही ती करून घ्यावीत. ‘अमुकमँगोज ॲट जीमेल’ अशा पत्त्यावरून बाहेरच्या सेवेमार्फत पत्र पाठवले की ही मोहोर जुळत नाही, म्हणून स्वतःचे डोमेन आधी घ्यावे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहाव्यात अशी गूगलची अट आहे. १,२०० जणांचे पत्ते जीमेलचे असतील तर चौघांच्या नाराजीने ती मोडते. त्यामुळे विकत घेतलेली यादी चढवू नये; बऱ्याच सेवा अशा यादीपायी खाते बंद करतात आणि ते योग्यच आहे.

मराठीतून लिहिणाऱ्याने सेवा पारखताना एक चाचणी-पत्र स्वतःला पाठवून फोनवर उघडून पाहावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. जीमेल १०२ केबीच्या पुढचे पत्र कापते, त्यामुळे लांबलचक मराठी पत्राचा शेवट, म्हणजे नेमकी अनसबस्क्राइबची ओळ, दिसेनाशी होऊ शकते. नाव आपोआप घालण्याची सोय मराठीत फसवी आहे. फॉर्म भरताना ग्राहकाने नाव रोमन लिपीत लिहिलेले असते, ते मराठी वाक्यात तसेच उतरते. देवनागरीत असले तरी यंत्राला सामान्यरूप येत नाही, ‘काळे’चे ‘काळ्यांना’ न होता ‘काळेना’ होते. अशा वेळी पाकिटावरचा जुना ‘यांस’ कामी येतो, कारण तो नावाला चिकटत नाही.

किती जणांनी पत्र उघडले हा आकडा सप्टेंबर २०२१ नंतर भरवशाचा राहिलेला नाही. ॲपलच्या मेल ॲपने तेव्हापासून पत्रातली चित्रे आधीच उतरवून घ्यायला सुरुवात केली, म्हणून न वाचलेले पत्रही उघडलेले दिसते. या आकड्याच्या रंगीत आलेखांसाठी वरच्या दराची योजना घेण्यात अर्थ नाही. किती पेट्यांची मागणी आली ते वहीत दिसतेच.

कायद्याची बाजू ग्राहक कुठे राहतो त्यावर ठरते. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो, तेव्हा त्याला जाणाऱ्या जाहिरातीच्या पत्राला अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा लागतो : पत्रात टपालाचा पत्ता हवा आणि बाहेर पडण्याची विनंती दहा कामकाजी दिवसांत पाळायला हवी. युरोपातल्या ग्राहकांसाठी २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाची डीएनडी (नकोशा जाहिराती रोखण्याची) नोंदणी फोन व एसएमएसपुरती आहे. ईमेल पत्त्यासारखी वैयक्तिक माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते.

सेवा सोडायची वेळ कधीतरी येते. मेलचिंपच्याच मालकीची टायनीलेटर ही सेवा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, बाहेर काढता येते का, हे पैसे भरण्यापूर्वीच करून पाहावे. पत्राचे साचे आणि जुने अहवाल सहसा बरोबर येत नाहीत, त्याचे फार वाईट वाटून घेऊ नये. अनसबस्क्राइब केलेल्यांची यादी मात्र आठवणीने न्यावी. ती मागे राहिली तर तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना नव्या सेवेतून पुन्हा ‘हंगाम सुरू झाला’ असे पत्र जाते, आणि या खेपेस ते अनसबस्क्राइब शोधत बसत नाहीत, सरळ स्पॅमचे बटण दाबतात.